पुस्तक द्यावं, हिशेब मागू नये

पापनाशम म्हटलं की लोकांना कमल हासनचा सिनेमा आठवतो. ते पापनाशम तिरुनेलवेलीकडचं. आमचं तंजावर जिल्ह्यातलं, कावेरीच्या फाट्यांमधलं, चहूकडे भातशेती असलेलं. तालुक्याची कचेरी, रेल्वे स्टेशन, एकशेआठ शिवलिंगांचं देऊळ, दुसऱ्या एका देवळात नायकांच्या काळातलं विटांचं भलंमोठं धान्यकोठार, आणि संध्याकाळी पाच वाजता रस्त्यावर उतरणारी ट्यूशनची मुलं. सांगलीकडे शाळेत शिकवत होते, नवऱ्याच्या नोकरीनं इथे आणलं. घराच्या ओट्यावर पुस्तकांचं एक कपाट ठेवलं आणि सहावी ते दहावीची मुलं येऊ लागली. महाराष्ट्रातल्या शिक्षक मैत्रिणी फोनवर विचारतात, मोबाइलच्या जमान्यात तुझ्याकडे मुलं वाचतात तरी कशी? जे हाती लागलं ते लिहिते. क्रम महत्त्वाचा नाही.

१. पुस्तक मुलाच्या वाटेत असावं

या वयाचं मूल पुस्तकासाठी वेगळी खेप घालत नाही. शाळा, ट्यूशन, घर एवढीच त्याची वाट. त्या वाटेवर पुस्तक आडवं आलं तर ते उचलतं. माझं कपाट ओट्यावर आहे, त्याला कुलूप नाही, आणि ट्यूशनला जाणारा रस्ता समोरूनच जातो. यापलीकडे त्यात माझी हुशारी काही नाही.

ही गोष्ट या मुलखाला नवी नाही. इथून दक्षिणेला मन्नारगुडी आहे. तिथे १९३१ मध्ये बैलगाडीत पुस्तकं भरून ती खेड्याखेड्यांत फिरवायला सुरुवात झाली. त्यामागे प्रेरणा होती शियाळी रामामृत रंगनाथन यांची. शियाळी म्हणजे आताचं सीर्काळी, तेही त्या काळच्या तंजावर जिल्ह्यातलंच. त्याच वर्षी त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपानं आले. पहिला नियम अगदी साधा आहे: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. शाळाशाळांतली बंद कपाटं पाहिली की वाटतं, हा पहिलाच नियम अजून पोचायचा आहे. शिक्षकांचंही चुकत नाही. पुस्तक हरवलं तर तपासणीच्या वेळी त्यांनाच उत्तर द्यावं लागतं, म्हणून किल्ली कमरेला राहते.

रंगनाथन यांच्या खटपटीतून मद्रास प्रांतात १९४८ साली ग्रंथालय कायदा आला आणि मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसला. आपल्याकडे महाराष्ट्रात कायदा झाला तो १९६७ मध्ये, आणि त्यात उपकर नाही. आपली ग्रंथालयं लोकांनी काढलेल्या संस्था, सरकार त्यांना अनुदान देतं. दोन्ही पद्धतींत खोट आहे. इथली शाखा ग्रंथालयं सरकारी वेळेत उघडतात आणि मुलांच्या मोकळ्या वेळेत बंद होतात. आपल्याकडची अनुदानाची वाट बघत बसतात. पण घरपट्टीच्या पावतीवर ग्रंथालयाचा रकाना असणं मला अजूनही कौतुकाचं वाटतं.

२. निवड मुलाची, नाक मुरडणं आपलं आपल्यापाशी

आठवीतला एक मुलगा फक्त ‘इरुंबुक्कै मायावी’ वाचतो. विजेचा झटका बसला की अदृश्य होणारा, लोखंडी पंजाचा हा नायक मूळचा ब्रिटिश चित्रकथांतला. १९७२ मध्ये शिवकाशीच्या मुत्तु कॉमिक्सनं तो तमिळमध्ये आणला आणि इथल्या आजच्या कित्येक आजोबांनी तो वाचलेला आहे. मुलाचे वडील येऊन म्हणाले, “मिस, याला काहीतरी चांगलं द्या ना.” मी म्हटलं, तुम्ही लहानपणी काय वाचायचात? ते हसले. मायावीच!

पुढे तो मुलगा मोठमोठ्या कादंबऱ्या वाचू लागला असं लिहिलं असतं तर छान झालं असतं. तसं काही झालं नाही. तो अजून कॉमिक्सच वाचतो, पण रोज वाचतो. चित्रकथेतही संवाद असतात, कथानक असतं, मागची पानं लक्षात ठेवावी लागतात. आपल्या पिढीनं ‘चांदोबा’ वाचला तेव्हा कुणी त्याला साहित्य म्हणत नव्हतं. तो मद्रासेत तयार व्हायचा, आणि त्याचा तमिळ भाऊ ‘अंबुलिमामा’ इथल्या घराघरांत होता. माझ्या शेजारच्या पाट्टी, म्हणजे आजी, आणि मी विक्रम-वेताळावर तासभर बोलू शकतो, ते याच्याच पुण्याईनं.

३. काय कळलं, असं विचारू नये

माझ्या सगळ्या अनुभवाचा गाभा हाच आहे. मूल पुस्तक परत आणतं आणि आपल्या तोंडून आपसूक निघतं, “वाचलंस? काय आवडलं? काय शिकलास?” त्या क्षणी पुस्तकाचा गृहपाठ होतो. पुढच्या वेळी ते मूल पातळ पुस्तक निवडतं, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. त्याच्या पुढच्या वेळी येत नाही.

शाळांत पुस्तक-परीक्षणाची वही ठेवायला लावतात. लेखकाचं नाव, मुख्य पात्रं, बोध. मुलं ती वही एकमेकांची बघून उतरवतात, आणि मला वाटतं त्यात त्यांचा दोष कमीच आहे. माझ्याकडे एक साधं रजिस्टर आहे: पुस्तकाचं नाव आणि मुलाची सही. बस. तंजावरचे सरफोजी राजे (दुसरे) आपल्या संग्रहातल्या इंग्रजी पुस्तकांवर सही करायचे, सरस्वती महाल ग्रंथालयात त्या सह्या आजही आहेत. मुलांना मी हे सांगितल्यापासून रजिस्टरातल्या सह्या फारच वळणदार झाल्या आहेत.

विचारायचं नाही म्हणजे बोलायचं नाही असं मात्र नाही. मी माझं सांगते. “काल वाचत होते त्यातली ती बाई मला मुळीच आवडली नाही,” एवढं म्हणून भाजी निवडत बसते. बहुतेक वेळा कुणी ऐकत नाही. कधीतरी एखादी मुलगी म्हणते, “का? काय केलं तिनं?” आणि मग गप्पा सुरू होतात. पुस्तक अर्धवट टाकून परत आणलं तरी मी काही म्हणत नाही. मोठी माणसंही टाकतात, फक्त त्यांना कुणी रजिस्टर दाखवत नाही.

४. मोठ्या मुलाला बारकं पुस्तक देताना निमित्त द्यावं

हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. आठवी-नववीत पोचलेली काही मुलं अडखळत वाचतात. कोविडच्या काळात ज्यांची दुसरी-तिसरी घरात गेली, त्यांच्यात हे जास्त दिसतं. त्यांना जमेल असं पुस्तक म्हणजे सोळा पानी, चित्रांचं. पण मिसरूड फुटू लागलेल्या मुलाला चौघांदेखत ते हातात देणं म्हणजे त्याचा अपमान. तो घेणार नाही, आणि घेतलं तरी दप्तराच्या तळाशी दडवून ठेवेल.

तमिळनाडू सरकारनं २०२३ मध्ये ‘वासिप्पु इयक्कम’ म्हणजे वाचन चळवळ सुरू केली. त्यात छोट्या गोष्टींची पुस्तकं पायऱ्यांनी लावली आहेत: नुळै, नड, ओडु, पर. आत ये, चाल, धाव, उड. कल्पना सुरेख, पुस्तकंही देखणी. पण धावायच्या वयाच्या मुलाच्या हातात ‘चाल’चा शिक्का असलेलं पुस्तक दिसलं की मित्र त्याला सोडत नाहीत. या पायऱ्या आपल्यासाठी आहेत, मुलाला त्या दिसू नयेत.

मग मी निमित्त शोधते. “तुझ्या बहिणीला वाचून दाखवशील का? तिला चित्रं आवडतील.” बहीण असतेच, नसली तर शेजारचं लहान मूल असतं. वाचून दाखवायचं म्हणून तो आधी स्वतःशी दोनतीनदा वाचतो. मोठ्यानं वाचल्यामुळे जीभ वळते, आणि ऐकणारी पाच वर्षांची असल्यामुळे चुका कुणी काढत नाही. एका मुलानं असं करत करत पहिल्या खणातली जवळजवळ सगळी पुस्तकं बहिणीच्या नावावर वाचली. बहीण पुढे शाळेत गेली, स्वतः वाचू लागली, तरी तो “तिच्यासाठीच” नेत होता. मी रजिस्टर पुढे केलं, त्यानं सही केली.

५. ओळखीच्या जमिनीवरचं पुस्तक जाडही चालतं

मुलं जाड पुस्तकाला भितात असं म्हणतात. कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ ही तमिळ कादंबरी पाच भागांची आहे. १९५० ते ५४ या काळात ती साप्ताहिकातून क्रमशः आली. २०२२ साली मणिरत्नमचा सिनेमा आला आणि नववी-दहावीची पोरं पहिला भाग मागू लागली. कथा सुरू होते आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, नद्या भरून वाहत असताना. तो सण ही मुलं दरवर्षी नदीकाठी साजरा करतात. पुढे कुडंदै येतं, म्हणजे त्यांचं कुंभकोणम. पळैयारै येतं, ते तर सायकलच्या टप्प्यातलं. एक मुलगी नकाशा काढून नायकाचा घोडा कुठल्या दिवशी कुठे पोचला ते मांडत होती. वर्णनाची पानं ती गाळते. गाळू दे. कल्कींचं साहित्य सरकारनं राष्ट्रीयीकृत केल्यानं अनेक प्रकाशक ते स्वस्तात छापतात, म्हणून प्रती जमवणंही परवडतं.

आपल्याकडे भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्यात शिकायला येतो. पुण्याच्या मुलाला तो का भावतो, हे मला पापनाशममध्ये येऊन नीट कळलं.

६. भाषेचा हट्ट नको

इथे तंजावरी मराठी बोलणारी घरं आहेत. तमिळ लोक त्यांना रायर म्हणतात. आजी-आजोबा घरात मराठी बोलतात, मुलांना ती समजते, पण शाळेत वाचायला शिकली ती तमिळ आणि इंग्रजी. सुरुवातीला एका आजोबांनी मला गळ घातली, पोरांना मराठी पुस्तकं द्या. त्यांचा जीव का तुटतो ते कळतं. याच तंजावरात सरफोजींनी छापखाना काढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, ‘बालबोध मुक्तावली’ नावानं. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्र्यांचा ‘बाळमित्र’ यायला १८२८ उजाडलं. मराठी मुलांचं छापील पुस्तक आधी कावेरीकाठी आलं, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगितलं की ते जरा गप्प होतात.

तरीही मी आजोबांना नाही म्हटलं. ज्या भाषेत अक्षर लावावं लागत नाही, त्या भाषेत आधी वाचनाची चटक लागू द्यावी. मराठी पुस्तकांचा एक खण मी ठेवला आहे, आणि आजोबांना सुचवलं की त्यातलं तुम्हीच नातवंडांना वाचून दाखवा. ते दाखवतात. कुठे कुठे पुण्याची मराठी त्यांना अडते, तेव्हा चिडून मला फोन करतात.

७. वाचनाने मार्क वाढतात असं पालकांना सांगू नये

कारण ते तसंच आणि लगेच खरं ठरत नाही, आणि मग दहावीच्या वर्षी पालक पुस्तक बंद करतात. इथे रामानुजनचं उदाहरण घरोघर दिलं जातं, कुंभकोणम जवळच आहे. टाउन हायस्कूलमधल्या या मुलाच्या हाती १९०३ च्या सुमारास कार नावाच्या लेखकाचं गणितातल्या सूत्रांचं पुस्तक पडलं. त्यात हजारो प्रमेयं होती आणि सिद्धता जवळपास नव्हत्याच. त्या मुलानं त्या स्वतःच्या स्वतः शोधल्या. पालक इथे थांबतात. मी पुढचंही सांगते: गणितापायी बाकीचे विषय मागे पडले, कॉलेजात तो नापास झाला, शिष्यवृत्ती गेली. वाचन मुलाला कुठे नेईल हे आपल्या हातात नसतं. एक आई हे ऐकून म्हणाली, “मग नकोच!” आम्ही दोघी हसलो, पण तिच्या मुलीनं त्या वर्षी पुस्तक नेलं नाही ते नाहीच.

दहावीवाल्यांसाठी मी एकच करते. त्या वर्षी कादंबरी पुढे करत नाही, लघुकथा आणि मासिकं समोर ठेवते. दहा मिनिटांत संपेल असं काहीतरी. सरकारी शाळांत सहावी ते नववीसाठी ‘तेन्चिट्टु’ मासिक मिळतं, त्याचे जुने अंक दहावीची मुलंही चाळतात.

८. मोठी माणसं वाचताना दिसावीत

यावर फार बोलण्यासारखं नाही. चहाच्या टपरीवर ‘दिनतंदी’ची पानं वाटून घेऊन वाचणारे बाप्ये इथल्या मुलांनी पाहिलेत, त्याचा उपयोग माझ्या कपाटापेक्षा जास्त झाला असावा. घरात बाप फोन चाळत असेल आणि मुलाला “वाच” म्हणत असेल, तर मूल काय करणार?

९. पुस्तकं हरवणार, ते धरून चालावं

पावसाळ्यात ओट्यावरची पुस्तकं दमट होतात, वाळवी लागते, कव्हरं निखळतात. काही परत येत नाहीत. दंड मी घेत नाही. दंडाच्या भीतीनं पुस्तक आणि मूल दोन्ही गायब होतात, हे शाळेच्या ग्रंथालयांत पुष्कळ पाहिलंय. जे पुस्तक हरवतं ते बहुधा आवडलेलं असतं. न आवडलेलं मुलं दुसऱ्या दिवशी इमानानं आणून देतात, त्यामुळे रजिस्टर चाळलं की खरेदीची यादी आपोआप मिळते.

सध्या ‘पोन्नियिन सेल्वन’चा तिसरा भाग गायब आहे. दुसरा संपवून बसलेल्या दोघी रोज संध्याकाळी कपाटाशी येऊन एकमेकींवर आळ घेतात. रविवारी कुंभकोणमला जाऊन दोन प्रती आणायच्या आहेत, आणि मायावीवाल्यानं चिठ्ठी दिली आहे ती वेगळी.