चौकटीतला खिळा आणि बोथट पातं

प्रश्न : जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी रेसिप्रोकेटिंग सॉ घेतली. सोबतचं पातं खिळे असलेल्या चौकटीत लगेच बोथट झालं. दर कामाला वेगळं पातं लागतं का?

उत्तर : लागतं. पात्यावर छापलेला ‘टीपीआय’चा आकडा म्हणजे एका इंचातले दात. नुसत्या लाकडाला ६ दातांचं पातं झपाट्याने कापतं; पण खिळा आडवा आला की त्याचे दात झडतात. अशा चौकटीला १० टीपीआयच्या आसपासचं बायमेटल पातं घ्यावं. त्याचे दात हायस्पीड स्टीलचे आणि पाठ लवचीक पोलादाची असते, म्हणून ते वाकलं तरी सहसा तुटत नाही.

धातूचा हिशेब उलटा. जाडीत एका वेळी किमान तीन दात टेकले पाहिजेत. म्हणून जाड लोखंडाला १४, पातळ पाइपाला १८, पत्र्याला २४ टीपीआय. वेग कमी ठेवावा; घाईत पातं तापून दातांची धार जाते.

बिडाच्या जुन्या सांडपाणी-नळावर मात्र बायमेटलचा हट्ट नको. कार्बाइड दातांचं पातं महाग असलं, तरी तिथे तेच परवडतं.

भिंतीलगत कापण्याआधी मेन स्विच बंद करा आणि आतून गेलेल्या वायरी, नळ तपासून घ्या.