गोडावण : मरुभूमीचा पक्षी

राजस्थानच्या पश्चिमेस जैसलमेर व बाडमेर या जिल्ह्यांत वाळूच्या टेकड्यांबरोबरच सेवण गवताची विस्तीर्ण कुरणे आहेत. या कुरणांत राहणाऱ्या एका मोठ्या पक्ष्यास तेथील लोक ‘गोडावण’ म्हणतात. मराठी वाचकांस माळढोक या नावाने परिचित असलेला पक्षी तो हाच. राजस्थान राज्याने १९८१ साली त्यास राज्यपक्षी ठरविले.

गोडावणाची उंची सुमारे एक मीटर असून नराचे वजन १५ किलोग्रॅमपर्यंत भरते. उडू शकणाऱ्या अत्यंत वजनदार पक्ष्यांत त्याची गणना होते. त्याच्या पायास मागील बोट नसते. त्यामुळे फांदी धरून बसणे त्यास शक्य नसते व त्याचे सारे जीवन जमिनीवरच जाते. टोळ, भुंगे, सरडे, बोरे, धान्य, जे मिळेल त्यावर तो निर्वाह करतो. मादी घरटे न बांधता उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते.

अल्पसंतुष्टता व चिकाटी हे गुण मरुभूमीतील माणसाच्या अंगीही दिसतात. पाऊस तुटपुंजा असल्याने तेथील गावांनी देवाच्या नावे ‘ओरण’ राखून ठेवली. या भूमीत झाड तोडीत नाहीत. गुरे मात्र चरतात. अशा मोकळ्या रानांचा आश्रय गोडावणासही लाभला.

परंतु ज्या गुणांमुळे तो या प्रदेशाचे प्रतीक ठरला, तेच आज त्यास घातक होत आहेत. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंस असल्याने समोरचे त्यास नीट दिसत नाही, आणि जड शरीरामुळे उडताना चटकन वळता येत नाही. वीजवाहक तारांवर आदळून अनेक पक्षी मरतात. सौर व पवनऊर्जा देशास हवीच. पण तिच्या तारा याच कुरणांवरून जातात. शिवाय एका वेळी एकच अंडे असल्याने झालेली हानी लवकर भरून येत नाही.

१९७२ च्या कायद्याने त्याच्या शिकारीस बंदी झाली. तथापि आता या जातीचे सुमारे दीडशे किंवा त्याहूनही कमी पक्षी रानात उरले असावेत. जैसलमेर जिल्ह्यातील सम येथे २०१९ पासून रानातील अंडी आणून यंत्रात उबविली जातात व पिले वाढविली जातात. अंडे यंत्रात उबविता येते. कुरण मात्र यंत्रात निर्माण करता येत नाही. तेव्हा राज्यपक्ष्याचा खरा मान राखावयाचा, तर त्याची कुरणे व ओरण राखणे अवश्य आहे.