भावाबरोबर पाहिलेले विनोदी सिनेमे

१. विनोद कोण करतंय, हे मी आधी पाहते. माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे आणि आमच्या घरात फिरक्या घेण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. काकांच्या घोरण्याची नक्कल तो काकांसमोरच करतो आणि काकाही पोट धरून हसतात. पडद्यावर मात्र त्याच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं नुसता हसण्याचा विषय होती. एखादा धडधाकट नट जीभ जड करून बोलायचा, थिएटर खदखदायचं, आणि भाऊ शेजारी असला की ते हसू मला सोसत नसे. जुलै २०२४ मध्ये ‘आँख मिचोली’ या चित्रपटाबाबतच्या याचिकेवर निकाल देताना तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद आणि अपंगांना कमी लेखणारा विनोद यांत स्पष्ट फरक केला. आम्ही घरात रोज जगतो तो फरक निकालपत्रात आला, याचं मला फार मोल वाटतं.

२. करुणेनेही माणूस झाकला जातो. ‘चौकट राजा’तला (१९९१) दिलीप प्रभावळकरांचा नंदू आठवला की आजही माझा गळा दाटून येतो. पण नुसतं रडवणारंच पाहत राहिलं, की प्रेक्षकाला अशा माणसापुढे हळहळण्यापलीकडे काही सुचत नाही. भावाला ‘बिचारा’ म्हणणाऱ्यांना त्याचा हट्टीपणा, त्याचा मत्सर, कॅरममधली त्याची लबाडी दिसतच नाही. विनोदी सिनेमात या सगळ्याला जागा असते.

३. टायमिंग बुद्ध्यांकात मोजता येत नाही. हाविएर फेसेर या स्पॅनिश दिग्दर्शकाने ‘काम्पेओनेस’मध्ये (२०१८) बास्केटबॉल संघातल्या भूमिकांसाठी खरोखरच अपंगत्व असलेले कलाकार घेतले आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे पटकथा बदलली. त्यावरून २०२५ मध्ये आलेल्या ‘सितारे जमीन पर’मध्येही संघातले दहाही जण असेच कलाकार आहेत. त्यातला आंघोळीला घाबरणारा गुड्डू, म्हणजे गोपी कृष्णन वर्मा, याला डाउन सिंड्रोम आहे. वाक्य टाकण्याआधी तो किती नेमका थांबतो! माझा भाऊ त्या थांबण्यातच हसायला लागायचा, वाक्य यायच्या आधी. मी मागाहून हसायचे. विनोदाची ती जागा त्याला माझ्याआधी कळत होती, आणि इतकी वर्षं एका घरात राहूनही मला याचं नवल वाटलं.

४. सोंग आधी ओळखतात ते हेच लोक. ‘द रिंगर’ (२००५) या अमेरिकी सिनेमात एक धडधाकट माणूस पैशासाठी बौद्धिक अपंगत्वाचं सोंग घेऊन स्पेशल ऑलिंपिक्समध्ये शिरतो. गोष्ट ऐकूनच मला ती नकोशी वाटली होती. पण स्पेशल ऑलिंपिक्स संस्थेने स्वतः या चित्रपटाला सहकार्य केलं होतं, आणि ते का, हे पाहिल्यावर कळतं. सोबतचे खेळाडू त्याचं बिंग पकडतात, त्याला मदत करायची की नाही हेही तेच ठरवतात, आणि हसू उलटतं ते सोंगाड्यावर. प्रत्यक्षात मात्र उलट घडलं होतं. २००० च्या सिडनी पॅरालिंपिक्समध्ये बौद्धिक अपंगांच्या बास्केटबॉलमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या स्पेनच्या संघातल्या १२ पैकी १० जणांना असं अपंगत्व नव्हतंच. पदक परत गेलं, पण खरी शिक्षा भोगली ती निर्दोष खेळाडूंनी. बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंना पॅरालिंपिक्सची दारं थेट २०१२ च्या लंडनपर्यंत बंद राहिली. हे वाचलं तेव्हा मी संतापाने थरथरले होते.

५. अजून मन भरलेलं नाही. ‘काम्पेओनेस’, त्याचा अमेरिकी अवतार ‘चॅम्पियन्स’ (२०२३) आणि आपला ‘सितारे’, तिन्हींत दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा म्हणून कोच संघाकडे येतो आणि सुधारून जातो. संघातली मुलं गोड आहेत, पण गोष्ट त्याची. माझ्या भावाला कोणालाही सुधारायचं नाही. त्याला प्रेमात पडायचंय, भांडायचंय, पगार मिळाला की मित्रांना मिसळ खिलवायची आहे. मराठीत इतके विनोदी चित्रपट निघतात. त्यातल्या एखाद्यात डाउन सिंड्रोम असलेला नट चाळीतला उधार बुडवणारा भाडेकरू म्हणून दिसावा, त्याला सुधारायला कोणी येऊ नये, आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव पहिलं असावं.