नाव नसलेला नायक

यक्ष म्हणजे धनपती कुबेराचे सेवक. पुराणकथा देवांच्या आणि राजांच्या. सेवकांकडे कोण पाहणार? त्यांतला एक तर अपराधी! तो कामात चुकला, म्हणून कुबेराने त्याला वर्षभर दूर धाडले. कालिदासाने मात्र त्यालाच ‘मेघदूता’चा नायक केले. कवीने त्याचे नावही सांगितले नाही. सांगितले ते पत्नीच्या विरहाचे दुःख. शिक्षा टळली नाही. पण वाचकाचे मन त्याच्याकडे वळले.

रायगडाजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. धनाचा कारभार पाहणाऱ्या या विद्वानानेच त्या सेवकाचे दुःख मराठी काव्यात आणले. ज्याला दोष लागतो, त्याचेही मन जाणून घ्यावे.