अरिष्टनिर्मितीसाठी विद्युत क्वाथपात्र व संधानपेटी : रचना आणि अनुभव

स्वतःच्या औषधीशाळेत अरिष्ट का सिद्ध करीत नाही, असे वैद्य बंधूंना विचारले असता बहुधा दोन उत्तरे मिळतात. एक, चुलीपुढे दिवसभर बसण्यास माणूस नाही. आणि दोन, हिवाळ्यात संधान बिघडते. पहिल्या अडचणीवर वीज हा उपाय सर्वांना सुचतो, दुसरीवर क्वचितच कोणास सुचतो. आम्हीही याच क्रमाने चुकलो. प्रस्तुत लेखात पार्थाद्यरिष्टाच्या (अर्जुनारिष्टाच्या) एका घाण्यास पुरेल अशा विद्युत साधनाची रचना, त्यामागील गणित व आमचा अनुभव मांडत आहोत.

भैषज्यरत्नावलीतील हृद्रोगाधिकारात सांगितलेल्या या कल्पाचे मान आजच्या मापात असे होते : अर्जुनसाल ४.८ किलो, मनुका २.४ किलो, मोहाची फुले ९६० ग्रॅम, जल ४९.१५२ लिटर, चतुर्थांश म्हणजे १२.२८८ लिटर शेष ठेवावयाचा. त्यात गूळ ४.८ किलो व धायटीची फुले ९६० ग्रॅम. म्हणजेच सुमारे ३७ लिटर पाण्याची वाफ करावयाची आहे. साधनाची सारी रचना या एका आकड्यावर अवलंबून आहे.

४९ लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे सव्वाचार युनिट वीज लागते. पुढे ३७ लिटर आटविण्यास मात्र २३ युनिट लागतात. पात्राच्या भिंतींतून जाणारी उष्णता धरल्यास एका घाण्यास ३० ते ३२ युनिट होतात. ३ किलोवॅटची एक कॉइल लावल्यास तासाला चार ते साडेचार लिटर आटते, म्हणजे उकळी आल्यावरही आठ-नऊ तास लागतात. ३ किलोवॅटच्या दोन कॉइल लावल्यास काम पाच-सहा तासांत होते. अशी प्रत्येक कॉइल १३ अँपिअर प्रवाह घेते. तेव्हा दोहोंस स्वतंत्र वायरिंग व स्वतंत्र १६ अँपिअरचे सॉकेट हवे, आणि वीज कंपनीकडून मंजूर असलेला भार तेवढा आहे की नाही हे आधी पाहावे. एकाच सॉकेटवर दोन्ही कॉइल जोडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

पात्र ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे, ४० सें.मी. व्यासाचे व ६० सें.मी. उंचीचे घ्यावे. त्यात सुमारे ७५ लिटर मावते. पाणी ३९ सें.मी.पर्यंत येते व उरलेली जागा द्रव्यांना आणि उकळीला पुरते. अर्जुनसाल व धायटी दोन्ही कषायरसप्रधान असल्याने लोखंडाचा संपर्क झाल्यास क्वाथ काळा पडतो. म्हणून कॉइलचे आवरणही स्टीलचेच असावे. बाजारातील तांब्याची गीझर कॉइल येथे वापरू नये.

आता कॉइलच्या जागेविषयी. १२ लिटर शेष म्हणजे या पात्रात जेमतेम १० सें.मी. उंची. कॉइल भिंतीत मध्यावर बसविली तर अखेरच्या तासात ती उघडी पडून जळते. आमची पहिली कॉइल अशीच गेली. यास्तव कॉइल चपटी असावी आणि तळापासून ३ सें.मी.वर असावी. तिच्या वर ५ सें.मी. उंचीवर स्टीलची भोकांची जाळी ठेवून द्रव्ये त्या जाळीवरच राहतील असे पाहावे. मनुका व मोहाची फुले शिजून खाली उतरली आणि कॉइलला चिकटली की करपतात, आणि करपलेला वास पुढे कोणत्याही प्रक्षेपाने झाकला जात नाही. ही दोन द्रव्ये आम्ही मलमलीच्या सैल पुरचुंडीत बांधून सोडतो. पाण्याची पातळी खाली गेल्यास वीज तोडणारा फ्लोट स्विच, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी व तपासून घेतलेले अर्थिंग या तीन गोष्टींविना ओल्या जागेतील हे साधन सुरूच करू नये. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. वैद्याने येथे प्रयोग करू नयेत.

परदेशांत घरी बिअर बनविणाऱ्या हौशी मंडळींनी विद्युत पात्रांचा पुष्कळ विकास केला आहे. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय मोकळीक मिळाली आणि त्यानंतर हा छंद वाढत गेला. त्यांची पात्रे, विशिष्ट तापमान राखणारे नियंत्रक, द्रवात उतरणारी बंद नळी आपणांस उपयोगी आहेत. परंतु एक फरक ध्यानात घ्यावा. त्यांना धान्य ६५ अंशांच्या आसपास ठरावीक वेळ ठेवावयाचे असते, म्हणून तापमान-नियंत्रक त्यांच्या पात्राचा प्राण होय. आपला क्वाथ उकळत राहावयाचा असतो. उकळते पाणी कितीही आच दिली तरी त्याच अंशावर राहते. नाशिक परिसरात, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे, ते ९८ अंशांच्या आसपास उकळते. नियंत्रकावर १०० अंक लावला तर तो वीज कधीच तोडणार नाही. क्वाथपात्राला हवा तो शक्तीचा रेग्युलेटर. त्याने मंदाग्नी म्हणजे किती वॅट हे ठरविता येते. आम्ही उकळीपर्यंत दोन्ही कॉइल आणि नंतर एक पूर्ण व एक अर्ध्यावर ठेवतो. झाकण ठेवीत नाही.

तापमान-नियंत्रकाची खरी जागा पुढे, संधानात आहे. आमच्याकडून हेच राहून गेले. नवे क्वाथपात्र तयार झाल्याच्या आनंदात पौष महिन्यात पहिला घाणा लावला आणि संधानपात्र नेहमीच्या कोपऱ्यात ठेवले. रात्री खोली १२ अंशांपर्यंत उतरत असे. आठ दिवस बुडबुडा नाही, पेटती काडी तोंडाशी नेली तरी विझेना. तिसऱ्या आठवड्यात उघडले तेव्हा आंबट वास आला. अरिष्टाचे शुक्त झाले होते. पावणेपाच किलो साल व महिन्याचे श्रम वाया गेले, त्याचे दुःख होतेच. त्याहून अधिक, हे अरिष्ट नियमित घेणाऱ्या काही हृद्रोगी रुग्णांना आम्ही दिलेला शब्द मोडला.

जुन्या वैद्यांनी घट धान्यराशीत पुरण्यास सांगितले त्याचे इंगित तेव्हा नीट उमगले. किण्वास २५ ते ३० अंशांची अखंड ऊब हवी. वस्तुतः ही ऊब फार स्वस्त आहे. गूळ मिसळल्यावर द्रव १६-१७ लिटर होतो. एकतृतीयांश रिकामे राहावे म्हणून २५ लिटरचे पात्र घ्यावे. ते मावेल अशी सुमारे ६० सें.मी. रुंद व ७० सें.मी. उंच प्लायवूडची पेटी करून आतून ५० मि.मी. जाड थर्मोकोल लावावा. बाहेर १० आणि आत २८ अंश असता अशा पेटीतून अवघी ३० वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे क्वाथास ६,००० वॅट आणि संधानास ६० वॅटचा हीटिंग पॅड! पैसा पहिल्यावर खर्च होतो, घाणा दुसऱ्यावाचून बिघडतो.

नियंत्रकाचा संवेदक पेटीतील हवेत टांगू नये, बंद स्टील नळीतून द्रवात उतरवावा. संधान जोरात आले की द्रव स्वतःच तापतो आणि हवेपेक्षा दोन-तीन अंश वर जातो. वीज गेल्यास पेटी एकदम थंड होऊ नये म्हणून आम्ही पात्राभोवती ज्वारीच्या चार पिशव्या रचतो. धान्यराशी अशी परत आली. मात्र पॅडवर पिशवी ठेवू नये. पेटी पूर्ण हवाबंदही नसावी, कारण निघणाऱ्या कर्बवायूस वाट हवी. संधानपात्राच्या तोंडाशी पाण्याची वाकडी नळी लावल्यास वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही.

क्वाथ जाड तळाच्या पात्रात फार वेळ गरम राहतो. वीज बंद केल्यावर तो गाळून दुसऱ्या भांड्यात काढावा, कोमट असता गूळ विरघळवावा, आणि ३५ अंशांखाली आल्यावरच धायटी घालावी. फुलांसोबत येणारे किण्व तप्त क्वाथात मरते. घाईत कित्येकांचे संधान येथेच संपते आणि दोष गुळाला दिला जातो.

दररोज सकाळ-सायंकाळ द्रवाचे तापमान वहीत लिहावे. काडी विझेनाशी झाली, चुन्याची निवळी दुधाळ होईनाशी झाली आणि प्रक्षेप तळाशी बसला म्हणजे सिद्धी समजावी. स्वयंभू मद्यार्क सामान्यतः ५ ते १० टक्के असावा. प्रत्येक नव्या साधनावरील पहिल्या दोन घाण्यांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेणे आम्ही आवश्यक मानतो.

स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करणाऱ्या वैद्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या कलम ३३ ईईसीमध्ये मुभा आहे. तेच अरिष्ट दुकानात विक्रीस ठेवावयाचे असल्यास उत्पादन परवाना व परिशिष्ट 'टी'मधील अटींची पूर्तता लागते. औषधालय-चालक बंधूंनी साधनाची मागणी नोंदविण्यापूर्वी जागेचा नकाशा त्या अटींशी ताडून पाहावा. क्वाथाची वाफ आणि संधानाची खोली एकत्र असल्यास मागाहून भिंत घालावी लागते.