आपले पुस्तक आपणच विकणारा कादंबरीकार
(द्वितीय वर्ष, कला)

लेखक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर टेबल, दिवा, कागद आणि विचारात गढलेला माणूस उभा राहतो. पाठ्यपुस्तकात धड्याच्या वर लेखकाचा चार ओळींचा परिचय असतो. त्यात जन्मगाव, ग्रंथ आणि पुरस्कार यांची नोंद असते. पण तो ग्रंथ छापायला पैसा कोठून आला, पहिल्या शंभर प्रती कोणी विकल्या, कोणाच्या दारातून लेखक परत फिरला, याचा त्यात उल्लेख नसतो. त्यामुळे लेखन हे एक काम आणि पुस्तक वाचकापर्यंत पोहोचवणे हे दुसऱ्याच कोणाचे तरी हलके काम, असा आपला समज होऊन बसतो. प्रस्तुत लेखात या समजाचा विचार करावयाचा आहे. कोणत्याही प्रकाशनसंस्थेचा आधार नसताना जो कथाकार स्वतः लिहितो, स्वतः छापून घेतो आणि स्वतःच विकतो, त्याचा दिवस कसा जातो, हे पाहिल्याशिवाय लेखकाच्या श्रमाची पुरती कल्पना येणार नाही, असे मला वाटते.

ही वाट जुनीच आहे

हा प्रकार आजच्या काळातला आहे असे कोणी समजू नये. हरिभाऊ आपटे (१८६४–१९१९) यांना आपण मराठी कादंबरीचे एक प्रमुख शिल्पकार मानतो. त्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे ठेवली. म्हणजे कादंबरीकाराने वाचकाची वाट पाहत न बसता त्याच्याकडे जाणारी वाट स्वतःच बांधली. अर्थात हरिभाऊंना पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेच्या व्यवस्थापकपदाचा आधार होता, हेही विसरून चालणार नाही.

हिंदीत प्रेमचंदांचे उदाहरण मात्र सावध करणारे आहे. त्यांनी १९२३ मध्ये बनारसला सरस्वती प्रेस काढला आणि १९३० मध्ये ‘हंस’ मासिक सुरू केले. छापखाना व मासिके तोट्यात गेली, कर्ज झाले आणि १९३४ मध्ये त्यांना मुंबईला सिनेमा कंपनीत लेखनाची नोकरी धरावी लागली. प्रतिभा कितीही थोर असली तरी कागदवाल्याचे बिल तिला माफ होत नाही, हाच याचा अर्थ.

आपल्या खानदेशातही सानेगुरुजींनी अमळनेरला शिक्षक असताना विद्यार्थ्यांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढले. त्यात विक्री नव्हती, हे खरे. पण लिहिलेले स्वतःच्या कष्टाने वाचकासमोर नेऊन ठेवण्याची वृत्ती तीच होती.

चहाच्या टपरीवरचा कादंबरीकार

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे दिल्लीतील लक्ष्मण राव. ते मूळचे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. मातृभाषा मराठी, लेखन मात्र हिंदीत. गुलशन नंदा यांच्या कादंबऱ्या वाचून त्यांना लेखक होण्याची ओढ लागली. गावातील रामदास नावाचा मुलगा नदीत बुडून गेला, त्या घटनेने त्यांच्या मनात घर केले. पुढे ‘रामदास’ ही त्यांची कादंबरी त्यातूनच उभी राहिली. अमरावतीची सूतगिरणी, भोपाळची बांधकामावरील मजुरी असे करीत ते १९७५ साली दिल्लीस पोहोचले. तेथे आधी पानाचे दुकान आणि मग विष्णु दिगंबर मार्गावर, हिंदी भवनाजवळ, पदपथावर चहाची टपरी, असा त्यांचा संसार चालला. दर्यागंजच्या रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून पुस्तके आणून ते वाचीत.

प्रकाशकांनी दारे उघडली नाहीत, तेव्हा त्यांनी साठवलेल्या पैशातून १९७९ मध्ये आपली पहिली कादंबरी स्वतःच छापली. पुढे ‘भारतीय साहित्य कला प्रकाशन’ या नावाने ते आपली पुस्तके काढू लागले. अशी वीसहून अधिक पुस्तके त्यांनी काढली.

त्यांची दिनचर्या लक्षात घेण्यासारखी आहे. सायकलला पुस्तकांची पिशवी लावायची आणि शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत फिरायचे. उरलेल्या वेळी टपरी. स्टोव्हच्या शेजारी पदपथावरच आपल्या कादंबऱ्या मांडून ठेवायच्या. लेखन आणि वाचन रात्री. धुळीने भरलेले कपडे आणि जुनी सायकल पाहून लोक त्यांना पुस्तकविक्या समजत. समोरच्याने पुस्तकात रस दाखवला तरच ते सांगत, की याचा लेखक मीच. मग बसायला खुर्ची मिळे आणि चहाही येई. मित्रांनो, या एका तपशिलात आपल्या समाजाचे केवढे तरी चित्र आहे. पुस्तक तेच, माणूसही तोच. पण विकणारा म्हणून तो उभा असतो आणि लेखक म्हणून तो खुर्चीवर बसतो!

१९८४ मध्ये त्यांची तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याशी भेट झाली. पुढे आपल्या जळगाव जिल्ह्याच्या कन्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना त्यांनीही लक्ष्मण रावांना राष्ट्रपती भवनात बोलावले. पन्नाशीच्या सुमारास त्यांनी पत्रद्वारा बी.ए. केले आणि त्यानंतर एम.ए.ही केले. पुढे त्यांची पुस्तके अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टवरही आली. पण या मानसन्मानानंतरही चहाची किटली सुटली नव्हती, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. टपरीने घर चालवले, म्हणून लेखणीला कोणाची मर्जी सांभाळावी लागली नाही.

हिशेबाची बाजू

भावनेपेक्षा आकडे अधिक स्पष्ट बोलतात, म्हणून एक कल्पित हिशेब मांडतो. समजा, एका लेखकाने कथासंग्रहाच्या ५०० प्रती काढल्या. प्रतीमागे ८० रुपये खर्च आला, म्हणजे एकूण ४०,००० रुपये. किंमत ठेवली २०० रुपये. विक्रेत्याला ४० टक्के कमिशन दिले तर प्रतीमागे लेखकाच्या हाती १२० रुपये येतात. घातलेला पैसा परत यायला ३३४ प्रती खपल्या पाहिजेत. तेच पुस्तक त्याने स्वतः हातोहात पूर्ण किमतीला विकले तर २०० प्रतींतच मुद्दल सुटते. टपालाने पाठवून २० रुपये खर्च स्वतः सोसला, तर २२३ प्रती लागतात.

येथे टपालाचा दर ही क्षुल्लक बाब राहत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याची स्वस्त बुक पोस्ट सेवा बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशकांना त्याची झळ बसली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ठेवण्यात आला. पातळ कथासंग्रह त्यात बसतो. जाड कादंबरी लिहिणाऱ्याला मात्र वजनाचाही विचार करावा लागतो.

याशिवाय पैशात न मोजता येणारी कामे असतात. कोणत्या ग्रंथालयाला प्रत दिली, कोणाकडून पैसे यायचे आहेत, अभिप्रायासाठी कोणत्या वृत्तपत्राकडे दोन प्रती पाठवल्या, याची वही ठेवावी लागते. कार्यक्रमाच्या मंडपाबाहेर टेबल मांडावे लागते. भेट म्हणून प्रत मागणारे पुष्कळ भेटतात. त्यांना गोड बोलून नाही म्हणणे ही तर स्वतंत्र कलाच आहे. आता मोबाईलवरून पुस्तकाची माहिती क्षणात शेकडो लोकांना पाठवता येते; पण माहिती पोहोचणे आणि पुस्तक विकत घेतले जाणे यांतले अंतर पूर्वीइतकेच राहिले आहे.

आक्षेप आणि उत्तर

या मार्गावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, स्वतःच्या पुस्तकाची स्वतःच जाहिरात करणे लेखकाला शोभत नाही. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. माझे वडील आठवडे बाजारात भाजी घेऊन बसतात आणि भावही स्वतःच पुकारतात. त्यात कमीपणा आहे असे आमच्या घरात कधी कोणाला वाटले नाही. उलट माल व्यापाऱ्याच्या हाती दिला की भाव तो ठरवतो, हे आपल्या तालुक्यातील केळी उत्पादकांना सांगायला नको. बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, असे म्हणतात. माझे म्हणणे एवढेच, की गहू पिकवणाऱ्यानेही थोडे बोलावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चांगला प्रकाशक केवळ छापत नाही, तो संपादनही करतो. हस्तलिखितातील पाल्हाळ दाखवतो, मुद्रिते तपासून घेतो. स्वतंत्र लेखकाला ‘हे पान काढ’ असे सांगणारा कोणी नसतो. शिवाय जो दिवस दारोदार फिरण्यात गेला तो लेखनातून वजा होतो. हा तोटा खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. त्यावर उपाय एकच: छापण्यापूर्वी स्पष्ट बोलणाऱ्या दोन-तीन जाणत्या वाचकांना हस्तलिखित दाखवावे आणि त्यांचे ऐकावे.

आपल्यापुरता विचार

हा प्रश्न आपल्यासाठी दूरचा नाही. आपल्या वर्गात घरी अहिराणी, लेवा, गुजर, पावरी बोलणारी मुले-मुली आहेत. त्यांच्यापैकी कोणी उद्या आपल्या बोलीत कथा लिहिली, तर ‘ही कोण वाचणार?’ हा प्रश्न तिला पहिल्याच दारात ऐकावा लागेल. त्या प्रश्नाला वाद घालून उत्तर देता येत नाही. पन्नास वाचक उभे करूनच देता येते. ते उभे करण्याचे काम प्रथम लेखकालाच करावे लागते, आणि म्हणूनच ते लेखनाचा भाग आहे असे मी म्हणतो.

मात्र सगळा भार लेखकावर टाकून आपण मोकळे होऊ नये. तालुक्यातील लेखकाचे पुस्तक ग्रंथालयात घ्यावे, असा अर्ज आपण विद्यार्थी करू शकतो. वाङ्मय मंडळाने वर्षातून एकदा अशा लेखकाला बोलवावे आणि हारतुऱ्याचा खर्च वाचवून त्याच्या प्रती विकत घ्याव्यात. आणि कोणी पिशवीत पुस्तके घेऊन आपल्या दारी आला, तर तो लेखक आहे की विक्रेता हे विचारण्याआधी त्याला बसायला खुर्ची द्यावी. भेटीची प्रत मागू नये. किंमत देऊनच पुस्तक घ्यावे.