मुक्काम तीन महिन्यांचा, मग घाई कशाची?

फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य टोकाला एव्हरग्लेड्स सिटी आणि चोकोलोस्की ही दोन छोटी गावं आहेत. शिकागो-टोरोंटोच्या बर्फाला कंटाळलेली निवृत्त मंडळी हिवाळ्यात इथल्या ट्रेलर पार्कांत मुक्काम टाकतात, त्यांत एखादं मराठी जोडपंही निघतं. चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबरअखेर संपलेला असतो, डास कमी झालेले असतात आणि दाराबाहेरच टेन थाउजंड आयलंड्सचा खारफुटीचा पसारा असतो. कनू पाण्यात लोटण्याचा मोह होणारच. माझं म्हणणं एवढंच, की इथे हिवाळाभर राहणाऱ्याकडे सुरक्षिततेचं सगळ्यात भरवशाचं साधन असतं ते म्हणजे वेळ, आणि नेमका तोच तो वापरत नाही. शनिवार-रविवारपुरता आलेला पर्यटक शनिवारीच निघणार, त्याचा नाइलाज आहे. तुमचा नाही.

इथला हिवाळी धोका येतो तो कोल्ड फ्रंटबरोबर, म्हणजे थंड हवेच्या आघाडीबरोबर. फ्रंटच्या आधीचा दिवस फार फसवा असतो. हवा उबदार, वारा दक्षिणेचा किंवा नैर्ऋत्येचा, ऊन स्वच्छ. त्या दिवशीही इंडियन की पाससारख्या अरुंद वाटेत ओहोटी बाहेर निघालेली आणि वारा समोरून आत येणारा असला, की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि उघडी कनू भरायला वेळ लागत नाही. फ्रंट सरकला की वारा वायव्येला वळतो, मग उत्तरेला आणि ईशान्येला, आणि दिवस-दोन दिवस जोरात वाहत राहतो. किनाऱ्याचं तोंड नैर्ऋत्येला, त्यामुळे हा वारा खाड्यांतलं पाणी अक्षरशः समुद्रात ढकलून देतो. भरती-ओहोटीचा तक्ता चंद्र-सूर्याचं गणित मांडतो, वाऱ्याचं नाही. तक्त्यावर कनू तरंगण्यापुरतं पाणी दिसतं, प्रत्यक्षात चिखल असतो. आणि बाहेरच्या बेटांवरून घरी यायची दिशाही ईशान्येचीच, म्हणजे वारा तोंडावर आणि ओहोटी लागली असेल तर प्रवाहही उलटा.

कोकणातला माणूस यावर हसेल. मुंबईला उधाणाच्या दिवसांत चार मीटरहून जास्त चढउतार बघितलेल्याला इथला मीटरभराचा फरक म्हणजे खेळ वाटतो. पण खाडीच मीटरभर खोल असेल, तर तेवढ्याने ती रिकामी होते. मग उतरून चालू, असं कोणी म्हणेल. चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, आणि जिथे टणक लागतं तिथे बहुधा धारदार कालवं असतात. फ्लोरिडाचं पाणी कोमट असतं, हाही अर्धाच खरा दिलासा. जानेवारी 2010 च्या थंडीत इथे मासे आणि मॅनटी (सागरी सस्तन प्राणी) मोठ्या संख्येने मेले होते, आणि ओल्या अंगावर उत्तरेचा वारा काय करतो हे समजायला तेवढ्या थंडीचीही गरज नाही. मोबाइलला बेटांमध्ये रेंज मिळेलच असं नाही. जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगेल, पण खाडीत पाणी आणून देणार नाही.

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे: बेटांवरच्या रात्रीच्या मुक्कामाचा परवाना ठरलेल्या तारखेचा असतो, निघालो नाही तर तो वाया जातो. जातो खरा. पण तो बुडवणं परवडतं कोणाला, तर दारातच राहणाऱ्याला. नॅशनल वेदर सर्व्हिसचा सागरी अंदाज रोज बघा, फ्रंटचं नाव निघालं की बेत मोडा आणि वारा पडेपर्यंत थांबा. निघायचं ते ओहोटीबरोबर, परतायचं भरतीबरोबर. प्यायचं पाणी माणशी रोज चार लिटर धरा, तेही जाड, कडक डब्यात, कारण बेटांवरचे रॅकून पातळ बाटल्या कुरतडतात. प्रौढांनी लाइफ जॅकेट नुसतं नावेत ठेवलं तरी कायदा खूश असतो. तुम्ही ते अंगात घाला.

ट्रेलर पार्कात शेजारी हाताच्या अंतरावर असतो, त्याचा उपयोग करा. कोणत्या वाटेने जाणार, कुठे थांबणार, गाडी कुठे लावली आहे आणि किती वाजेपर्यंत आला नाहीत तर कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून त्याच्या हाती द्या. आणि परतल्यावर आधी त्याचं दार वाजवा, नाहीतर तुम्ही ट्रेलरमध्ये घोरत पडाल आणि तटरक्षक दल अंधारात बेटं धुंडाळत बसेल.